तापीकाठची मे हीट

३१ मार्च २०२५ रोजी भारतीय हवामान विभागाने एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर केला, तेव्हा देशाचा नकाशा बहुतेक लालच होता. उत्तर, मध्य आणि पूर्व भारताच्या बऱ्याच भागांत उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा दोन ते चारने जास्त असतील, असा त्याचा मथितार्थ. एप्रिलमध्ये अकोल्याचा पारा ४४ अंशांवर जाऊन टेकलाही. आता मेमध्ये काय होणार, या धास्तीने कूलरच्या दुकानांत गर्दी उसळली. आणि मे आला तो ढग घेऊन. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला, २६ मे रोजी मुंबईत. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत ओला मे म्हणून त्या महिन्याची नोंद झाली.

अंदाज चुकला, म्हणून चेष्टा करायला एवढं पुरेसं होतं. पण तापीच्या खोऱ्यात, जिथे उन्हाळ्याला ‘मे हीट’ म्हणतात आणि ती एप्रिलमध्येच येते, तिथे या अंदाजाशी असलेलं भांडण वेगळंच आहे. उन्हाळा कडक असणार हे खानदेशातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. त्याला हवं असतं ते भलतंच: सलग किती दिवस, रात्री किती उतरणार, वारा कधी आणि कुठून. नेमकी हीच माहिती त्या लाल नकाशात नसते.

आधी हे खोरं पाहू. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावून तापी ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेला जातात. तापी उलटी जाते, कारण ती जमिनीच्या खचलेल्या पट्ट्यातून वाट काढते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मध्ये गाळाची काळीभोर सपाटी. विदर्भातून येणारी पूर्णा मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीत मिसळते, त्यामुळे अकोला आणि जळगाव ही दोन वेगवेगळ्या विभागांतली शहरं प्रत्यक्षात एकाच खोऱ्यात भाजतात.

ती एवढी का भाजतात, याची कारणं शाळेच्या भूगोलात बसतील इतकी साधी आहेत. जळगाव-भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे-सव्वादोनशे मीटर उंचीवर आहेत, पुणे साडेपाचशे मीटरच्या पुढे. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. साडेतीनशे मीटरच्या फरकाचे साडेतीन अंश तिथेच जमा झाले. समुद्र लांब, त्यामुळे दुपारी कोकणाला दिलासा देणारे खारे वारे इथवर पोहोचेपर्यंत त्यांच्यात दम उरत नाही. उलट गुजरात-राजस्थानकडून येणारे वायव्येचे कोरडे वारे पश्चिमेला उघड्या असलेल्या या खोऱ्यात सरळ शिरतात. त्यात रब्बीचा हरभरा, गहू, मका निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये काळी जमीन उघडी पडते. ओल असती तर सूर्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडली असती. ओल नाही म्हणून ती सगळी हवेत येते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य अगदी माथ्यावर येतो, दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. २५ मेच्या सुमारास सूर्याचा रोहिणी नक्षत्रात प्रवेश होतो आणि लोक कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणजे ‘नवतपा’, मोजू लागतात. पंचांग आणि खगोल तिथे एकाच तारखेला येऊन भेटतात.

मेमधलं जळगावचं सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास आहे. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्यापासून सुरू होतो.

हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट म्हणायची तर कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. फरक ६.४ अंशांच्या पुढे गेला की तीव्र लाट. किंवा मग सरासरी बाजूला ठेवून, थेट ४५ अंश गाठले की लाट आणि ४७ गाठले की तीव्र लाट. शिवाय हे एकाच हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस दिसायला हवं. आता हिशेब करा. पुण्याची मेमधली सरासरी ३७ च्या घरात आहे, त्यामुळे तिथे साडेएकेचाळीसला लाट जाहीर होऊ शकते. जळगावला मात्र सरासरीच्या वाटेने जायचं तर साडेशेहेचाळीस लागतील, नाहीतर थेट ४५ ची वाट पाहावी लागेल. म्हणजे साडेचव्वेचाळीस अंशांचे दहा दिवस सलग गेले, तरी कागदावर जळगावात लाट आलेली नाही. रोजच तापणाऱ्या गावाला ताप मोजायची पट्टीच चढी लावली आहे.

उपविभागांचीही एक गंमत आहे. हवामानाच्या नकाशात जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतात. त्याच उपविभागात महाबळेश्वर आहे, कोल्हापूर आहे. स्ट्रॉबेरी आणि केळी एका टोपलीत! आणि शेजारचं अकोला मात्र विदर्भात. त्यामुळे ‘मध्य महाराष्ट्रात तापमान सरासरीपेक्षा किंचित जास्त’ हे वाक्य बातम्यांत ऐकून भुसावळच्या माणसाला काहीच बोध होत नाही. जिल्हावार इशारे आता मिळतात. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंगही असतात. पण हंगामाचा अंदाज अजूनही ढोबळ नकाशातच येतो.

तो कसा तयार होतो? २०१६ पासून हवामान विभाग उन्हाळ्याच्या तापमानाचा हंगामी अंदाज देतो. एक फेब्रुवारीच्या अखेरीस, मार्च ते मेसाठी. दुसरा मार्चच्या अखेरीस, एप्रिल ते जूनसाठी. समुद्र आणि वातावरण एकत्र हाताळणारी अनेक प्रारूपं संगणकावर चालवली जातात. प्रशांत महासागरात एल निनो आहे की ला निना, हिंदी महासागर किती तापलेला आहे, यांचं ओझं उन्हाळ्यावर कुठे पडेल हे त्यातून पाहतात. उत्तर मिळतं ते शक्यतेत. १९९१ ते २०२० मधले उन्हाळे थंड, मध्यम, उष्ण अशा तीन सारख्या गटांत विभागले, तर येणारा उन्हाळा कोणत्या गटात पडण्याची शक्यता किती टक्के, एवढंच तो रंग सांगतो. नकाशा लाल झाला म्हणजे पारा अमुक अंशांवर जाईल, असा त्याचा अर्थ नसतो. साठ टक्के शक्यता सांगितली, तर उरलेले चाळीस टक्केही खरे होऊ शकतात. २०२५ च्या मेमध्ये तसंच झालं.

हे गणित छापून येताना मात्र हरवतं. मथळ्यात येतं ‘यंदा उन्हाळा होरपळवणार’. आणि मग वळवाचे चार पाऊस झाले की लोक हवामानवाल्यांना खोटं ठरवतात.

तोवर घरोघरी वेगळीच स्पर्धा लागलेली असते, आकड्यांची. भुसावळचा एक आकडा केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयातला, जळगावचा ममुराबादच्या हवामान केंद्रातला, तिसरा मोबाइलवरचा, चौथा चौकात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा, ज्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत असतो, कारण मोजायची असते ती हवा. ऊन किंवा पत्रा नव्हे. डांबरावर उभ्या गाडीने ५० दाखवले, तर ती स्वतःचाच ताप सांगत असते. यंत्रंही फसतात. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीत तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्याच दिवसांत नागपूरच्या एका केंद्राने ५६ दाखवले, तेही बिघाडाचेच. खरा आकडा काय, हा प्रश्न खानदेशात केवळ गप्पांचा नाही. त्याच्यावर पैसे अडलेले असतात.

कारण केळी.

जळगाव जिल्हा हे महाराष्ट्राच्या केळीचं कोठार. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत बागा एकमेकींना लागून आहेत. लागवडीचे हंगाम दोन: जून-जुलैतली मृगबाग आणि पावसाळा सरता सरता लावलेली कांदेबाग. दोन्ही बागांना उन्हाळा वेगळ्या वयात गाठतो. मृगबागेची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होते, म्हणजे एप्रिल-मेत झाडावर भरत आलेला घड असतो. कांदेबाग त्या वेळी सहा-सात महिन्यांची, अजून पानं टाकणारी. एकाच दिवशीचे ४४ अंश दोघींना सारखे लागत नाहीत.

मृगबागेत काय होतं ते झाडाजवळ उभं राहिल्यावर कळतं. ३८ अंशांच्या पुढे केळीची वाढ थांबते. पानाचे दोन्ही भाग मधल्या शिरेवरून खाली मिटतात, कडा करपून तांबूस होतात. मुळं जेवढं पाणी देतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, आणि मग घडाचा दांडा जिथे खोडातून बाहेर येऊन वाकतो, तिथे तो मऊ पडतो. पंधरा-वीस किलोंचं ओझं त्या सुकलेल्या बाकावर लटकलेलं. एखाद्या दुपारी दांडा तिथेच मोडतो आणि अख्खा घड खाली येतो. याला ‘घड सटकणं’ म्हणतात. महिनाभरात कापणीला आलेला माल मातीत. सटकलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही.

म्हणून उपाय सगळे पाण्याचे आणि आडोशाचे. बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग, नाहीतर पश्चिमेच्या अंगाला हिरवी शेडनेट. घडावर केळीचीच वाळलेली पानं गुंडाळायची. ठिबकने भर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी द्यावं लागतं. दीड मीटर बाय दीड मीटरवर लागवड असेल, तर हेक्टरी ४,४४४ झाडं होतात. म्हणजे रोज एका हेक्टरला जवळपास ८९ हजार लिटर. शेतीपंपाला वीज आठ तास, तीही कधी दिवसा, कधी रात्री. विहीर दोन तासांत बसली की पुढचे सहा तास वीज असून उपयोग नाही. अंदाजात ‘सलग पाच दिवस ४३ च्या वर’ एवढं जरी नेमकं कळलं, तरी कोणत्या बागेला आधी पाणी सोडायचं हे ठरवता येतं.

हवामान आधारित फळपीक विम्यातही हाच ‘सलग’ महत्त्वाचा आहे. ठरवून दिलेल्या काळात, ठरलेल्या पातळीच्या वर तापमान सलग ठरावीक दिवस राहिलं, तरच भरपाई. मध्ये एक दिवस अर्ध्या अंशाने खाली आला की मोजणी पुन्हा एकपासून. आणि हे मोजतं कोण? महावेध प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसवलेली आहेत. एका मंडळात दहा-पंधरा गावं. केंद्र नदीकाठच्या हिरवळीत असेल, तर माळावरच्या बागेचा ताप त्यात उतरत नाही. दरवर्षी मे-जूनमध्ये कृषी कार्यालयांत होणारी बाचाबाची बहुतेक याच मुद्द्यावर असते. शेतकरी करपलेलं पान दाखवतो, समोरचा माणूस संगणकावरचा आकडा.

उन्हानंतर वारा येतो, आणि केळीवाला त्याला उन्हापेक्षा जास्त भितो. तापलेल्या खोऱ्यात दुपारनंतर हवा वर उसळते, बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून थोडी ओल आली की सातपुड्यावर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी पाऊण तासात वादळ होत्याचं नव्हतं करून जातं. केळीला लाकूड नसतं. तिचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी. घडाने जड झालेली झाडं रांगेने आडवी होतात. म्हणजे जो मे उन्हाच्या आकड्यांत सौम्य म्हणून नोंदला जातो, तोच वळवाच्या वाऱ्याने रावेर-यावलला सर्वांत महागात पडू शकतो. हंगामी नकाशात तो महिना फिकट रंगाचा दिसेल.

खोऱ्याच्या पश्चिम भागात, नंदुरबारला, हिशेब उलटा. तिथे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत मोकळ्या मैदानांवर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. लाल गालिचेच्या गालिचे. तिथल्या व्यापाऱ्याला ऊन कडक हवं असतं, त्याच्या पोटात गोळा येतो तो ढगाने. घरांच्या गच्च्यांवरही तेच. होळी झाली की खानदेशात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट सुरू होतो. भिजवून भरडलेल्या ज्वारीचं पीठ, तीळ, लसूण, मिरची घालून भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात घाटायचं, ऊन चढायच्या आत धोतराच्या ओल्या कापडावर थापायचं. बायका नऊच्या आत खाली उतरतात. दुपारच्या कोरड्या झळा बाकीचं काम करतात. संध्याकाळी कापड मागून ओलं करून सोडवलं की बिबडा कडेला उचलून येतो. दमट कोकणात तो असा एका दिवसात सुटणार नाही.

कोरडेपणाचा हा फायदा फसवाही असतो. घाम आला की लगेच उडून जातो, अंग ओलं होत नाही, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेलं हे माणसाला जाणवतच नाही. आणि दिवसाचं ऊन एक वेळ सोसता येतं, रात्र नाही उतरली तर सोसवत नाही. सिमेंटच्या घरांत दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. हवामान विभागाच्या व्याख्येत ‘उष्ण रात्र’ आहे: कमाल ४० च्या वर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त राहिलं तर. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर मात्र किमान तापमान फक्त हिवाळ्यात येतं.

मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर टिकला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने थेट कलम १४४ लावलं. जळगाव जिल्ह्यातही त्याच आठवड्यात तसा आदेश निघाला. जमावबंदीचं कलम उन्हासाठी! उन्हात कामाला असलेल्या मजुरांसाठी सावली, पाणी, पंखे यांची सोय मालकाने करावी आणि शिकवण्यांनी भर दुपारी मुलांना बोलावू नये, असा त्याचा आशय होता. आदेश योग्यच होता, पण तो निघाला तो नवतप्याच्या तोंडावर. त्याआधीचे सहा आठवडे केळी कापणारे, वीटभट्टीवरचे, हमाल नेहमीसारखेच उन्हात होते.

याहून आधी जागं होता येतं, हे अहमदाबादने दाखवलं आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात आढळलं. २०१३ मध्ये शहराने आपली उष्माघात-प्रतिबंधक योजना आखली, दक्षिण आशियातली पहिली. तिचा गाभा साधा होता: राष्ट्रीय व्याख्येची वाट न पाहता, या शहरात किती अंशांना मृत्यू वाढू लागतात ते जुन्या नोंदींवरून काढायचं आणि त्या पातळीला इशारा द्यायचा. तापी-पूर्णेच्या खोऱ्यासाठी अशी स्वतःची पातळी ठरवायला रुग्णालयांच्या आणि महापालिकांच्या नोंदी लागतील. त्या नोंदी इथल्या नगरपालिकांत रोज होतातच.

अंदाज गावच्या भाषेत पोहोचवणारी एक साखळीही होती. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू करण्यात आली होती; मंगळवार-शुक्रवारी तालुक्यापुरता सल्ला निघायचा, कोणत्या पिकाला काय करावं ते त्यात असायचं. देशभरातली अशी १९९ केंद्रं २०२४ मध्ये बंद झाली. ‘मेघदूत’ ॲप आहे, पण ॲप प्रश्न विचारू देत नाही.

ही पोकळी आखाजीला दिसते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके चढतात. आणि त्याच संध्याकाळी पूर्णेच्या खोऱ्यात, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही प्रथा सुमारे साडेतीनशे वर्षांची मानतात. शेतात गोल घट आखून कडेने अठरा धान्यं, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पुरी, कुरडई, पापड. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणतं ढेकूळ भिजलं ते पाहून भाकीत. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी सांगतात आणि ते खरंही आहे. तरी पहाटे शेतकऱ्यांची गर्दी होते. तिथे सांगणारा माणूस समोर उभा असतो, पिकाचं नाव घेऊन बोलतो, महिना वेगळा काढून सांगतो. हवामानशास्त्राने दर गुरुवारी निघणारा पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज अशा रीतीने सांगायला कुणाचीच हरकत नसावी.

खोऱ्यातली एक यंत्रणा मात्र आपला उंबरठा ठरवून बसली आहे: रेल्वे. भुसावळ विभागातून मुंबई-हावडा आणि मुंबई-दिल्ली असे दोन्ही मुख्य मार्ग जातात. लोखंडी रूळ उन्हात हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापतो. मोकळा सोडला तर एक किलोमीटर रूळ दर १० अंशांना साडेअकरा सेंटिमीटर लांबेल. जोडून घट्ट बसवलेला असल्याने तो लांबू शकत नाही आणि ताण आत साठत जातो. म्हणून ट्रॅकमनच्या उन्हाळी गस्तीचा निर्णय हवेच्या तापमानावर होत नाही. रुळाचं तापमान रुळालाच तापमापक लावून घेतात, बसवतानाच्या तापमानापेक्षा ते ठरावीक अंशांनी वर गेलं की गस्त सुरू होते, मग त्या दिवशी लाट जाहीर झालेली असो वा नसो. गस्तीवर निघालेल्या ट्रॅकमनला मात्र भर दुपारी, डोक्याला उपरणं गुंडाळून, खडीवरून चालावं लागतं. त्याच्या अंगाच्या तापासाठी तसा आकडा कुठल्या नियमावलीत असल्याचं अजून ऐकिवात नाही.